टिकोलोची सरासरी आणि केनियाचे रिकामे कॅलेंडर

प्रति,
संपादक महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत क्रिकेट विश्वचषकातल्या अनपेक्षित निकालांवर जे सदर आले, त्यात केनियाच्या वाट्याला सहा ओळी आल्या. त्या सहा ओळींत दोन विधाने आहेत. एक, २००३ मध्ये केनिया उपांत्य फेरीत गेला तो न्यूझीलंडच्या वॉकओव्हरमुळे. दोन, त्यांचा कर्णधार स्टीव्ह टिकोलो हा एकदिवसीय सामन्यांत २९ च्या आसपास सरासरी असलेला, म्हणजे सामान्यच, फलंदाज. दोन्ही विधानांतले आकडे बरोबर आहेत. त्यांतून काढलेला अर्थ मात्र गुणवहीशी जुळत नाही, म्हणून हे पत्र.

आधी वॉकओव्हरचा हिशेब. २००३ च्या स्पर्धेत साखळीतल्या विजयाला ४ गुण होते, बरोबरीला किंवा पावसाने वाया गेलेल्या सामन्याला २. ‘ब’ गटात श्रीलंका १८, केनिया आणि न्यूझीलंड प्रत्येकी १६, वेस्ट इंडिज आणि दक्षिण आफ्रिका प्रत्येकी १४ असा शेवट झाला. पहिले तीन सुपर सिक्समध्ये, म्हणजे दोन्ही गटांतून उरलेल्या सहा संघांच्या पुढच्या फेरीत, गेले. केनियाचे १६ गुण आले चार ठिकाणांहून: केपटाउनला कॅनडावर विजय, नैरोबीत न्यूझीलंडचा न आलेला संघ, नैरोबीतच श्रीलंकेवर ५३ धावांनी विजय आणि जोहान्सबर्गला बांगलादेशवर ३२ धावांनी विजय. दक्षिण आफ्रिकेने दहा गडी राखून आणि वेस्ट इंडिजने १४२ धावांनी हरवले, तेही लिहून ठेवतो.

आता यातला कुठलाही एक निकाल उलटा फिरवून पाहा. गुण उरतात १२, आणि १४ वाले दोघे पुढे सरकतात. म्हणजे वॉकओव्हर नसता तर केनिया बाहेर पडला असता, हे खरेच. पण श्रीलंकेकडून हरला असता तरी बाहेरच होता, कॅनडाकडून हरला असता तरीही. चारही पाय सारख्याच वजनाचे असलेल्या टेबलाचा एकच पाय दाखवून ‘हे याच्यावरच उभे आहे’ म्हणण्यात काय अर्थ?

सुपर सिक्समध्ये गुण पुढे नेण्याची पद्धत जरा किचकट होती. सोबत पात्र ठरलेल्या संघावरच्या विजयाचे ४ गुण सोबत यायचे, बाद झालेल्या संघावरच्या विजयाचा फक्त १. केनियाने हरवलेले श्रीलंका आणि (कागदावर) न्यूझीलंड दोघेही पुढे आले, म्हणून ४ अधिक ४. कॅनडा आणि बांगलादेश मागे राहिले, म्हणून १ अधिक १. एकूण १०. भारत त्या फेरीत ८ गुण घेऊन आला होता. पुढे ब्लूमफाँटेनला झिम्बाब्वेला १३३ धावांत गुंडाळून केनियाने सात गडी राखून सामना जिंकला आणि गुण १४ झाले. श्रीलंका ११.५ वर अडली.

त्याच स्पर्धेत इंग्लंडचा संघ हरारेला गेला नाही, म्हणून झिम्बाब्वेलाही चार गुण फुकट मिळाले होते आणि तेही सुपर सिक्समध्ये पोहोचले. तिथे त्यांनी तिन्ही सामने गमावले, ३.५ गुणांवर तळाला राहिले. वॉकओव्हर दोघांनाही मिळाला. उपांत्य फेरी एकालाच. शिवाय न्यूझीलंडने नैरोबीला जायचे नाकारले ते सुरक्षेच्या कारणावरून. आधीच्या नोव्हेंबरात मोम्बासात दहशतवादी हल्ला झाला होता. त्यात केनियाच्या क्रिकेटपटूंचा काय दोष? श्रीलंका त्याच नैरोबीत आली, २११ धावांचा पाठलाग करताना १५७ धावांत बाद झाली. कॉलिन्स ओबुयाने १० षटकांत २४ धावा देऊन ५ बळी घेतले. लेगस्पिन होती, पाऊस नव्हता, पावसानंतर लक्ष्य बदलणारे डकवर्थ-लुईसचे गणितही नव्हते.

त्या संघाचे प्रशिक्षक आपले संदीप पाटील होते, हे मराठी वर्तमानपत्राने सहा ओळींतही सांगायला हरकत नव्हती.

आता टिकोलो. जन्म २५ जून १९७१, नैरोबी. थोरला भाऊ टॉम केनियाकडून खेळलेला, दुसरा भाऊ डेव्हिड १९९६ च्या विश्वचषक संघात. केनियाचे क्रिकेट असेच घराघरांतून चालले: ओबुया तिघे, सुजी दोघे, ओडुंबे दोघे. नैरोबीतली क्लब-व्यवस्था मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांनी उभी केलेली. टिकोलोचा क्लबही स्वामीबापा. नैरोबी आणि मोम्बासा ही दोन शहरे आणि त्यांतली मोजकी मैदाने, एवढ्यावर राष्ट्रीय संघ निवडायचा. असा संघ एका चांगल्या पिढीवर दहा वर्षे चालतो. मागून दुसरी पिढी येण्यासाठी शाळांतून क्रिकेट हवे आणि खालच्या थराला स्पर्धा हवी. ती नसली की निवड समितीकडे पर्याय उरत नाही, आणि चाळिशीला टेकलेल्या माणसालाही ‘थांब’ म्हणता येत नाही. टिकोलोबाबत पुढे नेमके हेच झाले.

त्याचे पदार्पण १८ फेब्रुवारी १९९६, कटक, समोर भारत. केनियाचाही तो पहिलाच अधिकृत एकदिवसीय सामना. धावा ६५, संघात सर्वाधिक. आपल्याकडे त्या सामन्यातले तेंडुलकरचे नाबाद १२७ लक्षात राहिले आणि तेही योग्यच. अठरा दिवसांत कँडी: श्रीलंकेच्या ५ बाद ३९८, तेव्हाचा एकदिवसीय विक्रम. चारशेच्या जवळ मार खाल्लेला संघ सहसा दीडशेत आटोपतो. केनियाने ७ बाद २५४ केल्या आणि त्यात टिकोलोच्या ९६ होत्या. पुढे १९९९ मध्ये कँटरबरीला इंग्लंडविरुद्ध ७१. ब्रिस्टलला भारताविरुद्ध ५८. वडिलांचे अंत्यसंस्कार आटोपून परतलेल्या सचिनने नाबाद १४० केल्या तोच हा सामना. २००३ मध्ये डर्बनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५१ आणि पाच दिवसांनी त्याच मैदानावर उपांत्य सामन्यात भारताविरुद्ध ५६.

यातला ५१ चा डाव जवळून पाहण्यासारखा आहे, कारण सरासरीच्या खान्यात तो फक्त ‘५१’ एवढाच दिसतो. ब्रेट लीने सुरुवातीलाच हॅटट्रिक घेतली. केनिया ३ बाद ३. सलामीचा केनेडी ओटिएनो, मग ब्रिजल पटेल, मग डेव्हिड ओबुया, तिघे लागोपाठच्या तीन चेंडूंवर. नैरोबीच्या क्लब क्रिकेटमध्ये त्या वेगाचा गोलंदाज नव्हताच. तो वेग डोळ्यांना सवयीचा व्हायला दर आठवड्याला खेळावा लागतो, वर्षातून एकदा नव्हे. त्यात नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर. विरळ हवेत मारलेला चेंडू लांब जातो, पण टाकलेला चेंडू कमी वळतो. डर्बन अगदी समुद्रकाठी. म्हणजे सवयीची हवा, सवयीचा वेग, सवयीची उसळी यांतले काहीच सोबत नसताना कर्णधाराने रवी शाहला हाताशी धरून डाव उभा केला आणि ५० षटके खेळून ८ बाद १७४ पर्यंत नेला. त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियापुढे पूर्ण ५० षटके टिकणेही सोपे नव्हते. नंतर निवृत्तीतून परत बोलावलेल्या आसिफ करीमने ८.२ षटकांत ७ धावा देऊन ३ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाला पाच गडी गमवावे लागले. (हा करीम डेव्हिस चषक टेनिसही खेळलेला. असली माणसे छोट्या देशांच्याच संघात सापडतात.)

सुपर सिक्समध्ये केपटाउनला याच केनियाने भारताची अवस्था ३ बाद २४ केली होती, हेही जाता जाता. गांगुली आणि युवराज यांनी वाचवले.

मग सरासरी २९ का? एक कारण फलंदाजीच्या जागेत आहे. मधल्या फळीतला टिकोलो बहुतेक वेळा लवकर विकेट पडल्यावर यायचा आणि दुसऱ्या टोकाला टिकणारे कमी, त्यामुळे डाव सावरायचा आणि शेवटी धावगती वाढवायची ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे. १९९७ च्या आयसीसी ट्रॉफीचा, म्हणजे सहयोगी (कसोटी दर्जा नसलेल्या) देशांच्या स्पर्धेचा, क्वालालंपूरचा अंतिम सामना घ्या. केनियाच्या ७ बाद २४१ पैकी एकट्या टिकोलोच्या १४७, म्हणजे शंभरातल्या एकसष्ट. पावसामुळे बांगलादेशला २५ षटकांत १६६ चे लक्ष्य मिळाले आणि ते त्यांनी शेवटच्या चेंडूवर, दोन गडी हातात असताना गाठले. आणि गंमत अशी की तो डाव त्याच्या एकदिवसीय सरासरीत धरलाच जात नाही. आयसीसी ट्रॉफीच्या सामन्यांना अधिकृत एकदिवसीय दर्जा नव्हता. सहयोगी देशाच्या फलंदाजाचे उत्तम डाव अशा बिगर-दर्जाच्या सामन्यांत जातात आणि अधिकृत खात्यात मुख्यतः बलाढ्य संघांविरुद्धचे डाव उरतात. मोठ्या देशाच्या फलंदाजाचे उलट: त्याला अधूनमधून दुबळी गोलंदाजी मिळते आणि तीही अधिकृत खात्यात जमा होते. दोन सरासऱ्या शेजारी ठेवताना हा फरक धरायला हवा.

पण खरे कारण त्याहून साधे आहे. सामनेच नव्हते.

केनियाने १९९६ ते २०१४ या अठरा वर्षांत एकूण १५४ एकदिवसीय सामने खेळले. सचिन तेंडुलकर एकटा ४६३ खेळला. टिकोलोची एकदिवसीय कारकीर्द फेब्रुवारी १९९६ ते मार्च २०११, पाच विश्वचषक, आणि तरी सामने १३० च्या थोडेच पुढे. वर्षाला सरासरी नऊ. मोठ्या संघाचा फलंदाज नवा गोलंदाज पहिल्या सामन्यात पाहतो, दुसऱ्यात चाचपतो, मालिकेच्या चौथ्या-पाचव्या सामन्यात वसूल करतो. टिकोलोला बहुतेक गोलंदाज एकदा भेटले, ते पुन्हा तीन-चार वर्षांनी. चूक सुधारायला दुसरा सामनाच नाही. फॉर्म गेला तर तो परत कुठे आणायचा? नैरोबीच्या क्लब सामन्यात? १९९५-९६ च्या मोसमात तो दक्षिण आफ्रिकेत बॉर्डर प्रांताकडून खेळला. असे प्रथम श्रेणीचे सलग मोसम त्याला आणखी मिळते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारायला तरी हवा.

सगळ्यात मोठा खड्डा २००३ नंतरचा. विश्वचषकाची उपांत्य फेरी खेळलेला संघ एप्रिलमध्ये शारजाला एक स्पर्धा खेळला. त्यानंतर थेट फेब्रुवारी २००६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांत, केनियाला किती अधिकृत एकदिवसीय सामने मिळाले? दोन. सप्टेंबर २००४ मधल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताविरुद्ध एक आणि पाकिस्तानविरुद्ध एक. बस्स. २००५ साली टिकोलोच्या नावावर जे एकदिवसीय सामने दिसतात ते केनियाचे नाहीत. आशियाविरुद्ध आफ्रिका अशा प्रदर्शनी थाटाच्या मालिकेत आफ्रिका संघातून खेळलेले आहेत. त्याचे वय तेव्हा ३१ ते ३४, फलंदाजाची पिकलेली वर्षे.

याच काळात नैरोबीत ‘अ’ संघ येत होते. २००४ मध्ये साईराज बहुतुलेच्या नेतृत्वाखाली भारत ‘अ’ संघ तिथल्या तिरंगी स्पर्धेत खेळला आणि महेंद्रसिंग धोनी नावाचा यष्टिरक्षक पाकिस्तान ‘अ’ विरुद्ध शतके ठोकून पुढे आला. म्हणजे मैदान होते, खेळपट्टी होती, पाहुणे संघही येत होते. फक्त यजमानांच्या खात्यात अधिकृत सामने पडत नव्हते.

सामने नाहीत म्हणजे प्रक्षेपणाचे पैसे नाहीत. ते नाहीत म्हणजे प्रायोजक नाही. तो नाही म्हणजे मानधन नाही. त्याच सुमारास मानधनावरून खेळाडू आणि मंडळ यांचे फाटले आणि संप झाला. ऑगस्ट २००४ मध्ये मॉरिस ओडुंबेवर सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली. २००५ मध्ये जुनी संघटना जाऊन ‘क्रिकेट केनिया’ आली. केनियाचे नुकसान केनियातल्या माणसांनीही केले, हे झाकायचे कारण नाही. कारभार नेटका नव्हता. पण कारभार बिघडलेले पूर्ण सदस्य (कसोटी दर्जाचे) देशही आहेत, त्यांचे कॅलेंडर रिकामे झाले नाही.

शंका असल्यास बांगलादेशशी झालेल्या लढती मांडून पाहाव्यात. दोघांत एकूण १४ एकदिवसीय सामने झाले. २००३ च्या विश्वचषकापर्यंतचे सात: केनिया ६, बांगलादेश १. तो एकुलता एक, मे १९९८ मधला हैदराबादचा, हा बांगलादेशचा एकदिवसीय सामन्यांतला पहिलाच विजय. पुढचे सात सगळे २००६ मधले, मार्चमध्ये बांगलादेशात चार आणि ऑगस्टमध्ये नैरोबीत तीन: बांगलादेश ७, केनिया ०. मधल्या तीन वर्षांत बांगलादेश, २००० साली मिळालेल्या कसोटी दर्जामुळे, वर्षभर मार खात होता. हरत होता, पण खेळत होता. केनिया घरी बसला होता. ६-१ चे ०-७ झाले ते गुणवत्ता आटल्यामुळे, असे म्हणणाऱ्याने आधी त्या दोन सामन्यांचा हिशेब द्यावा. कसोटी दर्जा देताना लोकसंख्या, प्रेक्षक, बाजारपेठ पाहिली गेली असेल आणि त्यात बांगलादेश कितीतरी उजवा होता, हे मान्य. मुद्दा बांगलादेशला का दिला हा नाही, केनियाचे कॅलेंडर रिकामे का राहिले हा आहे.

२००७ च्या सुरुवातीला नैरोबीतच सहयोगी देशांची वर्ल्ड क्रिकेट लीग टिकोलोच्या संघाने जिंकली. त्याच वर्षी पहिल्या टी-२० विश्वचषकात न्यूझीलंडने केनियाला ७३ धावांत काढले आणि श्रीलंकेने ६ बाद २६० चोपल्या. आठ महिन्यांतली ही दोन टोके पाहिली तर कळते की सहयोगी देशांतला पहिला संघ आणि मोठ्या देशांतला पाचवा-सहावा संघ यांच्यातले अंतर किती वाढले होते. १९९८ मध्ये ग्वाल्हेरला ६९ धावांनी आणि २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला ७० धावांनी भारताला हरवणारा हाच देश.

२०११ चा विश्वचषक टिकोलोचा पाचवा. केनियाने सहाही सामने गमावले, चेन्नईला न्यूझीलंडपुढे ६९ धावांत बाद झाले. कोलकात्यात झिम्बाब्वेविरुद्धचा सामना त्याचा शेवटचा एकदिवसीय. त्या स्पर्धेत एकच डाव लक्षात राहावा असा: बंगळुरूला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कॉलिन्स ओबुयाच्या नाबाद ९८. हा तोच, २००३ चा लेगस्पिनर. वॉरविकशायरशी करार झाला, मग दुखापती-आजारपण, गोलंदाजीची लय हरवली आणि तो फलंदाज म्हणून परत आला. त्याच्यावर स्वतंत्र पत्र लिहिता येईल. टिकोलोला तर २०१३ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, टी-२० पात्रता स्पर्धेसाठी पुन्हा बोलावले गेले. पदार्पणानंतर सतरा वर्षांनीही त्या जागेला दुसरा माणूस मिळाला नव्हता. २०१४ च्या सुरुवातीला केनियाचा एकदिवसीय दर्जा गेला. टिकोलो पुढे शेजारच्या युगांडाचा प्रशिक्षक झाला.

तेव्हा ‘२९ सरासरीचा सामान्य फलंदाज’ या ओळीऐवजी काय छापावे? आमची सूचना अशी: एकदिवसीय धावा ३,४०० च्या वर, शतके तीन, शिवाय मध्यमगती आणि ऑफस्पिन टाकून नव्वदहून अधिक बळी, आणि शेजारी कंसात दरवर्षी मिळालेल्या सामन्यांची संख्या. चार आकडे जास्त बसतील, पण वाचकाला तुलना करता येईल. आणि पुढच्या विश्वचषकात नामिबिया, नेपाळ, ओमान, अमेरिका अशा संघांचे सामने असतील तेव्हा ‘संक्षिप्त धावफलक’ न छापता पूर्ण गुणफलक छापावा. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळतो म्हणून त्याच्या बातम्या येतात, चांगली गोष्ट आहे. पण त्याच सामन्यात चौथ्या क्रमांकावर कोण आला आणि किती चेंडू खेळला, हे शोधायला आपल्या अंकाचा उपयोग होत नाही.

शेवटी एक दुरुस्ती. सदरात १९९६ चा केनिया-वेस्ट इंडिज सामना ‘गहुंजेच्या मैदानावर’ झाल्याचे छापले आहे. गहुंजेचे स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झाले. २९ फेब्रुवारी १९९६ चा तो सामना स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर झाला. केनिया ४९.३ षटकांत सर्वबाद १६६, वेस्ट इंडिज ३५.२ षटकांत सर्वबाद ९३. केनियाच्या डावात टिकोलोच्या २९ या फलंदाजांमधल्या सर्वाधिक. अवांतर धावा त्याहून जास्त, ३७.

आपला,
एक गुणलेखक, पुणे